जोखीम कुणाच्या खांद्यावर?



गेल्या महिन्यात एका रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर आपल्या धर्मग्रामातील एक तरुण चिंचेखाली थांबला होता. सगळे पांगल्यावर जवळ आला. हातात बँकेचा कागद होता, चार घड्या घातलेला. घरी तीन गाई आहेत. आणखी नऊ घ्यायच्या, मुक्त गोठा बांधायचा, त्यासाठी दहा लाखांचे कर्ज मंजूर होण्याच्या बेतात आहे. त्याने विचारले, "फादर, करू का?"

मी म्हणालो, "मला थोडा वेळ दे." त्याला वाटले फादर प्रार्थना करून सांगतील. प्रार्थना केलीच, पण वेळ मागण्याचे कारण वेगळे होते. हाच प्रश्न मला पूर्वी एकदा विचारला गेला होता आणि त्या वेळी मी क्षणभरही विचार न करता उत्तर दिले होते. ती गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. आज सांगतो, कारण आपल्यातील निम्म्याहून अधिक घरांचा चहा-साखरेपासून मुलांच्या फीपर्यंतचा खर्च दुधाच्या पगारावर चालतो, आणि हा प्रश्न केवळ त्या तरुणाचा नाही.

२०१९ साली मी दुसऱ्या धर्मग्रामात होतो. तिथे चार गाईंचा एक कष्टाळू मालक होता. त्याने कर्ज काढून आणखी दहा गाई आणल्या आणि नाताळापूर्वी नव्या गोठ्याला आशीर्वाद देण्यासाठी मला बोलावले. मी गेलो. मत्तयच्या शुभवर्तमानातील दाखला सांगितला : धनी परदेशी जातो, चाकरांना आपले धन सोपवतो, दोघे व्यापार करून ते दुप्पट करतात, तिसरा भीतीने जमिनीत पुरून ठेवतो. मी म्हणालो, हा भाऊ पुरून ठेवणारा नाही. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. पेढे वाटले. पवित्र पाणी शिंपडताना एक गाय बिथरली आणि माझा झगा शेणाने भरला, त्यावरही सगळे हसले.

तीन महिन्यांनी, मार्च २०२० मध्ये, टाळेबंदी आली. हॉटेले बंद, चहाच्या टपऱ्या बंद, मिठाईची दुकाने बंद, लग्ने बंद. तीस-बत्तीस रुपयांचे गाईचे दूध पाहता पाहता वीसच्या खाली आले. कापडाचे दुकान बंद ठेवता येते, पिठाची गिरणी चार दिवस थांबवता येते. गाईला टाळेबंदी कळत नाही. तिला सकाळ-संध्याकाळ काढावेच लागते आणि चारा घालावाच लागतो. पशुखाद्याचे पोते काही स्वस्त झाले नाही. त्याने सहा महिने रेटले, मग एकेक गाय विकायला काढली. त्या वेळी विकणारेच सगळे, घेणारा कुणी नाही. लाखाच्या आसपास घेतलेली गाय निम्म्या किमतीला गेली. हप्ते थकले. जामीनदार म्हणून सही होती त्याच्या बायकोच्या सख्ख्या भावाची. नोटीस त्याच्याकडे गेली. त्याने मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे भरले.

पुढे कर्ज फिटले. बहीण-भाऊ मात्र आजही एकमेकांच्या दारात जात नाहीत. मामा भाच्याच्या प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकाराला आला नाही. मिस्सेत त्याची जागा रिकामी दिसत होती, आणि ती मी वेदीवरून पाहत होतो.

आणि माझे काय झाले? माझे काहीच झाले नाही. माझा भत्ता एका रुपयाने कमी झाला नाही. बदली झाली तेव्हा त्याच माणसाने मला शाल आणि श्रीफळ दिले. सल्ला देणाऱ्याचे काहीच जात नाही, ही गोष्ट मला त्या शालीखाली प्रथम नीट समजली.

पुण्याच्या सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकत होतो तेव्हा संत थॉमस अक्वायनस यांच्या 'सुम्मा थिओलॉजिया' या ग्रंथातील व्याजाबद्दलचा भाग वाचावा लागे. तेराव्या शतकातला ग्रंथ. आम्हा विशीतल्या मुलांना तो रुक्ष वाटे. परीक्षेपुरता पाठ केला आणि सोडून दिला. अलीकडे तो पुन्हा काढून वाचला. थॉमस व्याजाला विरोध करतात हे सर्वांना ठाऊक असते. पण ते तिथेच आणखी एक गोष्ट मांडतात. एखाद्याने व्यापाऱ्याकडे किंवा कारागिराकडे भागीदारीत पैसे गुंतवले, तर त्याने नफ्यातला वाटा मागणे योग्य आहे. का? कारण त्या पैशाची मालकी त्याचीच राहते आणि बुडण्याचा धोकाही त्याच्याच डोक्यावर असतो.

हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. आपण कालवड अर्धलीने देतो. एकाची कालवड, दुसऱ्याचा चारा आणि मेहनत. व्याली की वाटा निम्मा निम्मा. मेली तर याची कालवड गेली, त्याचे कष्ट गेले, दोघेही रडतात. थॉमस ज्याला भागीदारी म्हणतात ती हीच. कर्जाचे तसे नाही. गाय मेली तरी हप्ता जिवंतच राहतो.

याचा अर्थ बँक पापी, असे मी म्हणत नाही. ख्रिस्तसभेनेही आज व्याजाकडे जुन्या नजरेने पाहणे सोडले आहे. पतसंस्थेत तुमच्याच गल्लीतल्या विधवा आत्याची ठेव असते. कर्ज बुडाले तर तिची ठेव अडकते. तीही काही सावकार नाही. मला एवढेच दिसते की जोखीम ही पाण्यासारखी आहे, उताराकडे वाहते. आपण ती कागदावर कुठेही लिहिली तरी ती शेवटी कुठे जाऊन साचणार हे आधी पाहावे लागते.

आता तो दाखला पुन्हा पाहू. मी गोठ्यात तो सांगताना एक गोष्ट साफ विसरलो होतो. त्या चाकरांनी व्यापार केला तो धन्याच्या धनावर. बुडाले असते तर धन्याचे बुडाले असते, आणि धनी श्रीमंत होता. कुठल्याही चाकराने मेहुण्याची सही घेतली नव्हती. शिवाय धन्याने प्रत्येकाला त्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे दिले, सर्वांना सारखे नाही. आणखी एक विचार मला नेहमी येतो : व्यापार करून ज्याचे धन बुडाले असा चौथा चाकर त्या दाखल्यात नाही. तो असता तर धनी काय म्हणाला असता? मला वाटते, रागावला नसता. पण हे माझे मत. दाखला त्याबद्दल गप्प आहे. लूकच्या शुभवर्तमानात मात्र बुरूज बांधू पाहणारा माणूस आहे, जो आधी खाली बसून खर्चाचा हिशेब करतो. गोठ्याच्या आशीर्वादाला मी तो उतारा घ्यायला हवा होता.

तर हिशेब करू. आमच्या त्या तरुणाबरोबर मी रविवारच्या पत्रकाच्या पाठीमागे केला तोच. बारा गाई. एका वेळी त्यातल्या तीन भाकड किंवा आटवलेल्या धरा, कारण वर्षभर सगळ्या दुधात कुणाच्याच नसतात. नऊ गाई, सरासरी १४ लिटर, म्हणजे दिवसाला १२६ लिटर. भाव ३४ वरून २६ वर आला तर दिवसाला हजार रुपये गेले, महिन्याला तीस हजार. दहा लाखांचा पाच वर्षांचा हप्ता अकरा टक्क्यांनी साधारण २२ हजार बसतो. म्हणजे फक्त भाव उतरला, बाकी एकही गाय आजारी पडली नाही, तरी हप्त्याहून जास्त रक्कम हवेत गेली. पशुखाद्य, चारा यांचा खर्च, जो एकूण खर्चाच्या दोन तृतीयांशाच्या घरात जातो, तो तसाच.

३४ आणि २६ हे आकडे मी मनाने घेतलेले नाहीत. २०२३ च्या जुलैमध्ये सरकारने गाईच्या दुधाला, साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफला, किमान ३४ रुपये भाव ठरवून दिला. त्याच वर्षाच्या अखेरीस तो बऱ्याच ठिकाणी २६-२७ वर आला होता आणि २०२४ च्या सुरुवातीपासून लिटरमागे पाच रुपये अनुदान द्यावे लागले. कारण काय? आपण कमी दर्जाचे दूध घातले? नाही. दूध जास्त होते तेव्हा त्याची पावडर आणि लोणी करतात, आणि पावडरीचा बाजार जगाचा आहे. न्यूझीलंडच्या पावडरीचा महिन्यातून दोनदा लिलाव होतो. तिकडे भाव कोसळला की इकडची पावडर बाहेर जात नाही, गोदामात पडून राहते, आणि आपल्या संकलन केंद्राच्या फळ्यावरचा आकडा बदलतो.

फ्रँक नाइट नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९२१ साली एका पुस्तकात जोखीम आणि अनिश्चितता यांत फरक केला. ज्याची शक्यता मोजता येते ती जोखीम. जी मोजताच येत नाही ती अनिश्चितता. बारा गाईंमध्ये वर्षाला एखादीला कासदाह होणार, एखादी उलटणार, हे अनुभवी माणूस बोटावर सांगतो. त्यासाठी विमा आहे, पशुवैद्य आहे. पण वर्षभराने दुधाला काय भाव असेल हे डेअरीचा चेअरमनही सांगू शकत नाही, आणि त्याचा विमा कुणी उतरवत नाही. आपली गंमत अशी की ज्याचा विमा मिळतो तोही आपण काढत नाही. २०२२ साली लम्पी आला तेव्हा दगावलेल्या दुभत्या गाईला सरकारने ३० हजार दिले. चांगल्या संकरित गाईची किंमत तेव्हा किती होती हे तुम्हाला माहीत आहे. उरलेले पैसे कुठून आले? बायकोच्या गळ्यातून.

इथे मला थांबायचे आहे. त्या तरुणाला मी विचारले, "घरात विचारलंस का?" तो म्हणाला, "तिला काय विचारायचं फादर, ती हो म्हणतेच." पहाटे पाचला शेण कोण काढतो? घास कोण कापतो? नऊ गाई वाढल्या की कुणाची झोप कमी होणार? तारण ठेवायचे तर दागिने कुणाचे? आणि डेअरीच्या कार्डावर नाव कुणाचे? घरातली जोखीम जिच्यावर सर्वांत जास्त पडते, तिचे मत आपण धरूनच चालतो. 'ती हो म्हणते' आणि 'तिने हो म्हटले' यात नीतीच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. दुसऱ्या वाक्यात तिला आकडे माहीत असतात.

जामीनदाराची गोष्ट तर याहून बिकट आहे, कारण तिथे भीड असते. आपल्याकडे जामिनाची सही हिशेब पाहून होत नाही, भिडेखातर होते. दाजी आले, चहा झाला, कागद पुढे सरकवला, "नुसती सही आहे" म्हणाले. नाही म्हटले तर बहीण दुखावते. ही नुसती सही नसते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणे, करारात वेगळे लिहिले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडून सगळे वसूल करा, मग माझ्याकडे या, असे जामीनदाराला सहसा म्हणता येत नाही. हे ज्याला ठाऊक आहे त्याने ते न सांगता सही घेणे म्हणजे काय? मला त्याला चोरी म्हणवत नाही, पण चोरीच्या शेजारचे काहीतरी आहे.

पूर्वीच्या लोकांना हे कळत होते. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या रायफायझेन यांनी शेतकऱ्यांच्या पतसंस्था उभ्या केल्या. त्यांत प्रत्येक सभासदाची जबाबदारी अमर्याद असे. एकाचे बुडाले तर सगळ्यांच्या मालमत्तेवर येई. १९०४ साली आपल्या देशात सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला तो याच धर्तीवर, आणि खेड्यातल्या संस्थांना अमर्याद जबाबदारीच ठेवली गेली. ऐकायला भयंकर वाटते. पण त्यामुळे कर्ज देण्याआधी प्रत्येक जण दुसऱ्याच्या गोठ्यात डोकावून पाही. पाणी आहे का, चारा आहे का, माणूस पितो का. आज आपण सही करतो आणि डोकावत नाही. उलट डोकावणे असभ्य समजतो.

दुधाच्या बाबतीत आणंदचे उदाहरण सर्वांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. खेडा जिल्ह्याचा संघ १९४६ साली नोंदला गेला, त्रिभुवनदास पटेल यांच्या पुढाकाराने. वर्गीस कुरियन १९४९ मध्ये आणंदला आले. हिवाळ्यात म्हशींचे दूध भरमसाट वाढे आणि मुंबईला तेवढे नको असे. शेतकऱ्याने एकट्याने त्या जास्तीच्या दुधाचे काय करावे? १९५५ साली पावडरीचा कारखाना उभा राहिला आणि हिवाळ्याचे दूध उन्हाळ्यासाठी ठेवता येऊ लागले. एका माणसाला न पेलणारे ओझे हजारो जणांनी वाटून घेतले. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याने सहकारात पुष्कळ पाहिले, चांगलेही आणि वाईटही. राज्यातले बहुतांश दूध आज खासगी डेअऱ्यांकडे जाते. संघ का आजारी पडले यावर इथे लिहीत नाही, लिहिले तर पत्रक पुरणार नाही आणि माझी बदली लवकर होईल.

मग काही करूच नये काय? असे समजू नका. एक गृहस्थ मला अभिमानाने सांगतात की मी आयुष्यात एक रुपया कर्ज काढले नाही. खरे आहे. पण त्यांच्या मुलाला शेडसाठी दोन लाख हवे होते, तेही त्यांनी काढू दिले नाहीत. मुलगा आज एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहे, दर सहा महिन्यांनी काम सुटते. बापाची जोखीम टळली. ती मुलाकडे गेली. पुरून ठेवण्याचीही किंमत असते आणि तीदेखील दुसरा कुणीतरी भरतो.

आपल्या धर्मग्रामात एक मावशी आहेत, नाव लिहिलेले त्यांना आवडणार नाही. पतीच्या निधनानंतर एका गाईवरून चारवर आल्या. गाय विकत आणत नाहीत, घरच्या कालवडी वाढवतात. शेतात जेवढा घास आणि मका होतो तेवढ्यावर जगतील तेवढीच जनावरे. मुरघासाच्या पिशव्या भरून ठेवतात. बचत गटात एका महिन्याचा दुधाचा पगार बाजूला, त्याला हात लावत नाहीत. मी एकदा म्हणालो, "मावशी, आठ गाई सहज सांभाळाल तुम्ही." त्या म्हणाल्या, "फादर, माझा पाय मोडला तर चार गाई शेजारीण काढील. आठ कोण काढील?"

थॉमस दूरदर्शी शहाणपणाचे आठ भाग सांगतात : मागचे स्मरण, दुसऱ्याकडून शिकण्याची तयारी, पुढचे पाहणे, सभोवतालचे पाहणे, सावधपणा वगैरे. आम्ही ते घोकले होते. मावशींनी सेमिनरी पाहिलेली नाही. पाय कुणाचा मोडेल आणि मग ओझे कुणावर जाईल, हा विचार त्यांनी गाय घेण्याआधी केला. मी गोठ्याला आशीर्वाद देताना तो केला नव्हता.

हा लेख लिहायला घेतल्यावर मी जुन्या धर्मग्रामातल्या त्या मामांना फोन केला. पाच वर्षांत पहिल्यांदा. ते आनंदाने बोलले, माझ्या तब्येतीची चौकशी केली. मग मी विषय काढला आणि क्षमा मागितली. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "फादर, पैशाचं काही नाही. सही मी डोळे उघडे ठेवून केली होती. पण भाव पडला, हप्ते थकले, तेव्हा दाजींनी मला येऊन सांगायला हवं होतं. मी दोन गाई माझ्या गोठ्यात नेल्या असत्या. मला कळलं ते बँकेच्या नोटिशीवरून."

सहा महिने तो माणूस लाजेने गप्प बसला होता. त्याच्या लाजेत माझ्या टाळ्या मिळवणाऱ्या भाषणाचा किती वाटा होता, हे मी मामांना विचारू शकलो नाही. मी त्यांच्या दाजींनाही फोन केला. त्यांनी अजून उचललेला नाही. पुन्हा करीन.

चिंचेखालच्या तरुणाला मी हे सगळे सांगितले. 'कर' म्हणालो नाही, 'करू नको' असेही नाही. तो कागद घेऊन घरी गेला. परवा निरोप आला की नऊऐवजी चार गाईंचा विचार चालू आहे, आणि जामीनदार होणारा चुलत भाऊ आधी गोठा पाहायला येणार आहे. येत्या बुधवारी सायंकाळी, दूध घालून झाल्यावर, तो पत्नीला आणि त्या भावाला घेऊन पाळकगृहात हिशेबाला बसणार आहे. ज्यांचे असेच कागद घड्या घालून घरात पडले असतील त्यांनीही यावे. येताना डेअरीचे कार्ड आणावे, आणि ज्याची सही घेणार आहात त्यालाही.

आपला,
धर्मगुरू